निखळ नावाची थाप

आमच्या गावाचं नाव भांडगाव. तालुका दौंड, पुणे-सोलापूर रस्त्यावर, यवतच्या पुढं आणि चौफुल्याच्या अलीकडं. नाव सांगितलं की पुण्यातला माणूस ठरलेला विनोद करतो, “म्हणजे भांडायला आलात वाटतं?” चाळीस वर्षं मी त्यावर हसल्यासारखं करत आलोय. आज नाही करणार. आज खरोखरच भांडायला आलोय, आणि माझं भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे ‘निखळ’.

दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांचा विषय निघायचा अवकाश, हा शब्द हजर. आमच्या वयाच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एक मजकूर फिरत येतो. काय ते दिवस, काय तो ‘गजरा’, काय ते चिमणराव, काय तो निखळ विनोद, सगळं गाव एकत्र बसून बघायचं, आता नुसता पांचटपणा उरलाय. खाली हात जोडलेली दोन चित्रं आणि डोळ्यांतून पाणी काढणारं एक तोंड. पाठवणाऱ्याची पेन्शन चालू आहे, गुडघे बदलून झालेत, मुलगा परदेशी आहे. त्याला रडायला काहीतरी पाहिजे, तर तो ‘गजरा’साठी रडतो. अशा चौघांना मी फोन करून विचारलं, “यूट्यूबवर चिमणरावचे भाग आहेत. त्यातला एखादा पुन्हा बघितलास का?” एकानंही बघितला नव्हता. एक म्हणाला, “वेळ कुठं असतो?” दिवसाला चाळीस फॉरवर्ड पाठवायला वेळ असतो.

कार्यक्रम चांगले होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण मिळालं आणि आमच्या भागातले अँटेना पश्चिमेकडं तोंड करून उभे राहिले. हवा चांगली असली तर चित्र, नसली तर मुंग्या. तेवढ्या मुंग्यांतूनही विनायक चासकरांचा ‘गजरा’ बघण्यासारखा असायचा. छोट्या छोट्या प्रहसनांची माळ, मागे एक पडदा, दोन खुर्च्या, फार तर एक टेलिफोन. खर्चाच्या नावानं बोंब, म्हणून सगळा भार लिहिणाऱ्यावर आणि नटाच्या चेहऱ्यावर. याकूब सईद आणि बबन प्रभू ‘हास परिहास’ करायचे. बबन प्रभू म्हणजे फार्समध्ये मुरलेला माणूस. कुठल्या शब्दावर थांबायचं नाही हे त्याला कळायचं, आणि ते थांबण्यापेक्षा अवघड असतं. चि. वि. जोशींचे चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी उभे केले ते आवाजानं. घाबरलेल्या माणसाचा घशात अडकलेला आवाज. शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. ती जोडी आजही बघा, एकही वाक्य हशा मागत उभं राहत नाही.

मग भांडण कशाचं? ‘सगळं गाव एकत्र बसून’ या थापेचं. मी सांगू शकतो, कारण टीव्ही आमच्याच घरी होता.

१९७८ साली गुळाची पट्टी बरी आली आणि वडिलांनी पुण्याहून टीव्ही आणला. कृष्णधवल, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं आणि त्याला कुलूप. किल्ली आजीच्या कनवटीला. ओसरीवर सतरंजी. तिच्यावर आम्ही घरची पोरं आणि भाऊबंदांची पोरं. वडील आणि गावातली दोन-तीन वजनदार माणसं खुर्च्यांवर, अगदी पेटीसमोर. बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, एक डोळा तव्यावर. गुऱ्हाळावर राबणाऱ्यांची आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पोरं खिडकीबाहेर. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. एकदा कुणीतरी बाहेरून ओरडलं, “दिसंना!” तर आजी जागेवरूनच म्हणाली, “आवाज येतोय न्हवं? मग झालं की.” सतरंजीवरचे आम्ही त्यावर हसलो. ‘गजरा’वर हसलो त्यापेक्षा मोठ्यानं हसलो.

हे मजकुरात येत नाही. येईल कसं? मजकूर लिहिणारा सतरंजीवर बसलेला होता.

आता त्या पेटीत काय चाललेलं असायचं ते बघू. ब्लॉकमध्ये राहणारं जोडपं, भाड्यासाठी मागं लागलेला घरमालक, ऑफिसातला साहेब, रजा मागणारा कारकून, वरसंशोधन, सासूचं आगमन. चांगलं लिहिलेलं, चांगलं केलेलं. पण आमच्या पंचक्रोशीत ब्लॉक नव्हता, कारकून नव्हता आणि सासूचं आगमन व्हायचं नाही, कारण ती घरातच असायची. आमच्यासारखा माणूस त्या पेटीत मला आठवतो तो दोनच वेळा: एक तर गडी म्हणून, नाही तर मुंबईत पत्ता विचारत फिरणारा बावळट म्हणून. फेटा, धोतर, आणि दर वाक्याला ‘आवं’. तो ‘आवं’ म्हणाला की हशा. हशा आमच्याही ओसरीवर, आणि ‘आवं’ म्हणणारेच सगळे हसणारे! मी दहावीनंतर पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात ‘आवं’ टाकलं, दुसऱ्यात ‘न्हाई’ टाकलं. कुणी हसलं नव्हतं अजून. टीव्हीनं आधीच शिकवून ठेवलं होतं की हसतील.

आमच्यासाठी वेगळा कार्यक्रम होता म्हणा. ‘आमची माती, आमची माणसं’. त्यात खत कधी घालायचं ते सांगायचे. वाटणी चोख होती: शेतकऱ्याला खत, शहराला विनोद.

जणू आम्हाला विनोद ठाऊकच नव्हता. अहो, तुमच्या ‘गजरा’च्या कितीतरी आधीपासून आमच्याकडं रातभराचा गजरा चालत होता. गण, गवळण, बतावणी, वग. गाणं आहे, नाच आहे, नकला आहेत, छोटं प्रहसन आहे, शेवटी मोठं नाटक आहे. इंग्रजांच्या टीव्हीवर ज्याला व्हरायटी शो म्हणत त्यात याहून जास्त काय असतं? चौफुल्याला संगीत बारीची थिएटरं, तिथं लावणी. यात्रेला ढोलकीफडाचा तमाशा, तिथं बतावणी. बतावणीला कागद नसतो. सरदार विचारतो, सोंगाड्या शब्दाचा भलताच अर्थ धरून उत्तर देतो, आणि त्या दोन ओळींमध्ये संध्याकाळी गावात फिरताना ऐकलेलं सगळं घुसवतो. सरपंचानं विहिरीचा वाद कसा मिटवला, सोसायटीचं कर्ज कुणी बुडवलं, कुणाचा बैल कुणाच्या उसात सापडला. तो सरपंच पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि त्याला हसावं लागतं. काळू-बाळू हे कवलापूरचे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ वगात हवालदार व्हायचे, तेव्हा बंदोबस्ताला आलेले खरे हवालदार तोंड कुठं लपवावं या विवंचनेत. आमच्याच जिल्ह्यातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ मध्ये सावळ्या कुंभार करायचे, तो प्रयोग रोज वेगळा व्हायचा. दूरदर्शनवर सरपंच सोडा, साध्या मामलेदाराची तरी अशी हजेरी कुणी घेतलेली मला दाखवा. सरकारी पेटी, सरकारी पगार. निखळ नसून करतो काय!

आणि ‘निखळ’ हा शब्द काही आकाशातून पडलेला नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई राज्यात खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदीच घातली होती. नंतर उठवली ती अटी घालून. आधी संहिता दाखवा, आम्ही तपासतो, मग नाचा. ज्या कलेचा जीवच न लिहिलेल्या ओळीत, तिला लिहून आणायला सांगितलं. मग तमाशाला धुऊन, इस्त्री करून त्याचं ‘लोकनाट्य’ झालं आणि शहरात तिकीट लावून आलं. १९६५ साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, दादा कोंडक्यांनी त्यात धमाल केली. शहरानं डोक्यावर घेतलं. तेच दादा १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून पडद्यावर खेड्यातल्या माणसाला नायक करून उभे राहिले, थिएटरं भरायला लागली, तेव्हा तेच शहर नाक दाबून म्हणालं, आचरट. नाट्यगृहात आमची भाषा चालते, कारण तिथं ती पाहुणी असते. मुक्कामाला आली की आचरट.

माझे वडील दोन्ही बघायचे. ओसरीवर ‘गजरा’ बघताना मिशीतल्या मिशीत हसायचे, कारण पोरंबाळं समोर. आणि महिन्यातून एखाद्या रात्री “पाटसला जरा काम हाय” म्हणून निघायचे. पाटसचा रस्ता चौफुल्यावरूनच जातो. आजीला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, टीव्हीलाही ठाऊक असेल. पहाटे येऊन झोपायचे आणि सकाळी आम्हाला सांगायचे, “तमाशाच्या नादी लागू नका, टीव्ही बघा, काही शिकाल.” शिकलो. कुठलं हसू ओसरीवर न्यायचं आणि कुठलं पाटसच्या कामाखाली लपवायचं ते शिकलो.

विलायतेतही अशा जुन्या कार्यक्रमांच्या आठवणींनी गळा काढतात. पण बीबीसीनं तिकडचे कितीतरी विनोदी कार्यक्रम, अगदी पीटर कुक आणि डडली मूर यांचेसुद्धा, टेप पुन्हा वापरता यावी म्हणून पुसून टाकले होते. आपल्याकडंही जुन्या भागांतले थोडेच हाती लागतात. मला वाटतं, आठवणी काढणाऱ्यांची त्यानं सोयच झाली. पुसलेल्या टेपमध्ये रटाळ भाग नसतात, पडलेले विनोद नसतात, मुंग्या नसतात. सगळं निखळ असतं.

बरं, मग आजचं काय? मजकूरवाल्यांच्या मते आजचं सगळं पांचट. त्यातलं निम्मं खरं आहे. बाप्याला साडी नेसवली की झालं काम, हा आळस आहे. खुर्चीत बसलेले परीक्षक पोट धरून हसतात आणि आपण हसावं की नाही हे आपल्याला सांगून टाकतात, हा आगाऊपणा आहे. २०१४ ला ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि त्यांनी स्टुडिओत थुकरटवाडी नावाचं गावच वसवलं. काय गाव! ना पाणीपट्टी, ना गाळपाची वाट बघणारा ऊस, फक्त दर आठवड्याला सिनेमाची जाहिरात करायला येणारे नटनट्या. खेडं हवं, पण पुठ्ठ्याचं. हे मला झोंबतं. तरीही एक गोष्ट कबूल करा की हो! त्या पुठ्ठ्याच्या गावात भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलायचा आणि तो कुणाचा गडी नसायचा. भाऊ कदम नुसता उभा राहिला तरी हसू यायचं, आणि तो पत्ता विचारत फिरायचा नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ ला आली, त्यात तर कोकणातलं हेल काढून बोलणं मध्यभागी येऊन बसलं. जी भाषा खिडकीबाहेर होती ती सतरंजीवर आली. म्हणून तर पोटात दुखत नसेल ना?

आमच्या गुऱ्हाळावर एक पोरगा होता, चुलवाणाला चिपाडं घालणाऱ्या बाईचा. माझ्याच वयाचा. ‘गजरा’ झाला की दुसऱ्या दिवशी काहिलीजवळ तो अख्खा कार्यक्रम करून दाखवायचा. साहेब, कारकून, सासू, सगळे एकटाच. फक्त त्याचा साहेब गुळव्यासारखा बोलायचा, कारकून आगाऊ उचल मागायचा, आणि सासू हुबेहूब आमच्या आजीसारखी असायची. गुळव्या पाक बघायचा विसरायचा इतका हसायचा. ‘गजरा’ मला आवडायचा, पण हसून पोट दुखलं ते काहिलीजवळ.

परवा तो मला चौफुल्याला चहाच्या टपरीवर भेटला. आता गुऱ्हाळं उत्तर प्रदेशातली माणसं चालवतात, हा मुलाच्या टेम्पोवर बसून बाजाराला जातो. मी त्याला अरे-तुरे करतो, तो मला अहो-जाहो. दोघंही साठीला आलो तरी हे बदललेलं नाही, आणि ते बदलायची सुरुवात मी केलेली नाही. मी त्याला मोबाइलवर तो निखळवाला मजकूर वाचून दाखवला आणि विचारलं, “‘गजरा’ आठवतोय का रे?”

“आवाज आठवतोय की.”

“आणि चित्र?”

“चित्र कुठलं? तुमच्या वडलांची खुर्ची आडवी यायची. फेटा तेवढा दिसायचा.”

“मग नकला कशा करायचास?”

“आवाजावरनं,” तो म्हणाला. “बाकीचं म्या घातलं.” आणि चहाचा कप ठेवून, पदर सावरल्यासारखा हात करून, आजीच्या आवाजात, टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “आवाज येतोय न्हवं? मग झालं की!”