पाचवे शील हळू का म्हणता?



आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातील जुने देव्हारे उतरले आहेत, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आली आहे, आणि मुले त्रिसरण-पंचशील पाठ म्हणू लागली आहेत. अशा आनंदाच्या काळात कोणी कटू बोलू नये, हे मला समजते. तरीही मी बोलणार आहे. ज्या खड्ड्यात मी बावीस वर्षे पडून होतो, तो आपल्या दारापासून फार दूर नाही.

प्रथम माझी लाज सांगतो. माझ्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांच्या समोर उभे राहून दीक्षा घेतली. मी जन्माने बौद्ध घरातला. पाली उच्चार स्वच्छ, आवाज मोठा, म्हणून आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. आणि मी ते कसे करीत असे? विहाराच्या मागच्या भिंतीशी जाऊन गालातला खर्रा थुंकायचा, चूळ भरायची, आणि आत येऊन समोरच्या पन्नास माणसांना शील द्यायचे. आदल्या रात्रीच्या दारूचा वास तोंडाला असेच. २००४ सालच्या एका रविवारी वंदना आटोपल्यावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही चार शिले जोरात म्हणता, मग पाचवे हळू का म्हणता?"

मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. जिभेला लाज होती. ती मला नव्हती. त्या मुलाला मी उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, आणि ते आपणा सर्वांना उद्देशून आहे. कारण पाचवे शील हळू म्हणणारा मी एकटा नव्हतो, आणि आजही एकटा नाही.

दारूचे वकील

आपल्यातच दारूचे वकील पुष्कळ आहेत. त्यांचा पहिला मुद्दा असा की, थोडी घेतली तर काय बिघडते? सर्वच व्यसनी थोड्यापासून सुरू झालेले असतात, हे उत्तर तर आहेच. परंतु आता वैद्यकशास्त्रानेही या वकिलांची बाजू सोडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला अडीच हजार वर्षांपूर्वी दारूचे सहा दुष्परिणाम सांगितले होते: धनाचा नाश, कलहाची वाढ, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. हे सहाही मी माझ्याच घरात पाहिले. त्यांचा क्रम मात्र निराळा होता. बुद्धी पहिल्याने गेली. म्हणूनच बाकीचे पाच जाताना मला दिसले नाहीत.

दुसरा मुद्दा अधिक धूर्त आहे. हे लोक म्हणतात, बाबासाहेब स्वतःच दारूबंदीच्या विरुद्ध होते. ही अर्धी गोष्ट खरी आहे, आणि अर्धे सत्य फार घातक असते. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात देशाच्या विकासासाठी पैसा उभा करण्याचे जे मार्ग सुचविले होते, त्यांत दारूबंदी रद्द करून अबकारी उत्पन्न वाचविणे हा एक होता. पण पुढची अर्धी गोष्ट हे वकील गिळून टाकतात. त्याच बाबासाहेबांनी पाच वर्षांनी लाखो लोकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, आणि त्यांत मी दारू पिणार नाही अशी प्रतिज्ञा होती. पंचशीलात ते शील पालीत होतेच. ते साध्या मराठीतही पुन्हा वदवून घेतले गेले. पाली कळत नव्हते, ही सबब त्यामुळे कोणालाच उरली नाही.

यात विसंगती कोठे आहे? पोलिसाच्या दंडुक्याने होणारी दारूबंदी त्यांना मान्य नव्हती; माणसाने स्वतःच्या मनाने स्वतःवर घातलेली बंदी त्यांनी आपल्या हाती दिली. कायद्याची बंदी येते आणि जाते. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ज्याचे न पिणे केवळ कायद्यावर उभे होते, त्याचे न पिणेही त्याच दिवशी उठले असेल. शील मात्र मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठत नाही. ते ज्याने घेतले, त्यालाच ते सोडता येते. हे स्वातंत्र्य ज्याला नको असेल त्याने खुशाल प्यावे. पण बाबासाहेबांच्या नावावर पिऊ नये.

तिसरा मुद्दा बाहेरचे लोक मांडतात: दारू यांच्या रक्तातच आहे. दारू कोणत्याही जातीच्या रक्तात नसते. ती दुकानात असते. परंतु बंधूंनो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा हाती घेऊन जो झिंगत चालतो, तो या निंदकांना पुरावा पुरवीत असतो. मीही तो पुरविला आहे. त्या दिवशी माझी मुलगी माझ्यापासून दहा पावले पुढे चालत होती, ओळख नसल्यासारखी.

सोडताना काय होते

आता जे मी भोगले ते सांगतो, म्हणजे आपल्याला ते निष्कारण भोगावे लागणार नाही. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी मनाशी निश्चय केला, आणि दुसऱ्याच दिवशी कोणालाही न विचारता दारू एकदम बंद केली. तो निश्चय योग्य होता, पण पद्धत मूर्खपणाची होती. पहिल्या दिवशी हातांना कंप सुटला. दुसऱ्या दिवशी घामाने अंथरूण भिजले. तिसऱ्या रात्री मला भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसू लागल्या, आणि मी पत्नीला चादर झटकावयास सांगत राहिलो. चादरीवर काहीच नव्हते. तिने रातोरात मला सरकारी दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी सांगितले की, वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होतो. औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन देखरेखीखाली ठेवले, तर हेच दिवस सुखरूप पार पडतात.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे: रोज पिणाऱ्याला सोडावयाची असेल तर त्याने अगोदर डॉक्टरांकडे जावे. अंगारा, गंडा, शपथेची माळ, कोणा बाबाच्या पुड्या, या मार्गांना आपण दीक्षेच्या दिवशीच रामराम ठोकला आहे. व्यसनाच्या निमित्ताने ते मागच्या दाराने घरात घेऊ नयेत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची पद्धत १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या सभा आपल्याकडील अनेक शहरांत भरतात. मदत मागण्यात कमीपणा नाही. संघ या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

पडणाऱ्याचे काय करावे

आठ महिने मी दारूला शिवलो नाही, आणि नवव्या महिन्यात एका लग्नात पुन्हा प्यालो. ही गोष्ट वस्तीत वाऱ्यासारखी पसरली. जे माझ्याबरोबर पीत असत तेच सर्वांत मोठ्याने हसले. काहींनी ठरविले की, याला विहाराची पायरी चढू देऊ नये आणि याच्या घरचे पाणी घेऊ नये.

बांधवांनो, 'याच्या घरचे पाणी घेऊ नये' हे शब्द आपण पूर्वी कोठे ऐकले आहेत? ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी आपल्या पूर्वजांनी महाडचे चवदार तळे गाठले, तेच पाणी आपण आपल्याच माणसाला नाकारणार काय? व्यसनी माणसाला वाळीत टाकणे म्हणजे मनुस्मृतीचे एक पान जपून ठेवणे होय. त्याच्या व्यसनाला मुळीच क्षमा करू नका, त्याच्या हाती पैसा देऊ नका, त्याने घरात हात उगारला तर त्या घरातील बाईमुलांच्या पाठीशी उभे राहा. पण त्याला माणसांतून उठवू नका.

मला तारले ते एका वृद्ध उपासकाने. मी त्यांना विचारले, "मी शील मोडले, आता प्रायश्चित्त कोणते?" ते म्हणाले, "अरे बाबू, प्रायश्चित्त भटाकडे असते. आपल्याकडे सकाळ असते. उद्या सकाळी पुन्हा शील घे. आपण ते दर रविवारी कशाला घेतो असे तुला वाटते?"

हे वाक्य आपण जन्मभर लक्षात ठेवावे. शील ही देवाने फर्मावलेली आज्ञा नाही, म्हणून ते मोडल्यास देवाचा कोपही नाही आणि दक्षिणा देऊन सुटकाही नाही. ते शिक्षापद आहे, म्हणजे शिकण्याची पायरी आहे. शिकणारा चुकतो आणि पुन्हा पाटी घेऊन बसतो. मी पुन्हा बसलो. त्या लग्नानंतर आजतागायत मी दारूला स्पर्श केलेला नाही.

तंबाखू शिलात नाही काय?

दारू सुटली तरी विडी आणि खर्रा राहिले. मी स्वतःची समजूत घालीत असे की, पाचव्या शिलात सुरा आहे, मेरय आहे, तंबाखू कोठे आहे? खरोखरच नाही. असणार कसा? तथागतांच्या काळी या देशात तंबाखूच नव्हता. तो अमेरिका खंडातून आला आणि पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. परंतु शिलाचा शेवट प्रमादस्थान या शब्दाकडे येतो, आणि तीच कसोटी आहे: ज्यामुळे माणसाचे स्वतःवरचे अवधान सुटते ते. कालामांना तथागतांनी प्रत्येक गोष्ट अनुभवाने पारखण्यास सांगितले होते. मी पारखले. विहारात दहा मिनिटे शांत बसताना माझे मन तथागतांकडे नसे. ते खिशातल्या पुडीकडे असे. दहा मिनिटेही जो स्वतःचा मालक नाही, त्याने स्वतःला स्वतंत्र कसे म्हणवून घ्यावे?

माझे आजोबा गावी येसकर होते. पाटलाच्या वाड्यापुढे रात्रभर राखण केल्यावर ओसरीवरून त्यांच्या पसरलेल्या धडप्यात शिळी भाकर पडे, आणि वर एक चिमूट तंबाखू. ती चिमूट वरून टाकली जाई, हाताला हात लागू नये म्हणून. आजोबांना ती घ्यावी लागे. मी मात्र तीच चिमूट रोज पैसे देऊन विकत घेत होतो.

आणि ज्या हातांनी विडी वळली जाते ते हात कोणाचे? कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी आपल्याला दिला, ते हेच बाबू हरदास. १९३९ साली, वयाची पस्तिशीही पुरी होते न होते तोच, क्षयाने त्यांचा बळी घेतला. आम्ही एकमेकांना जयभीम म्हणतो आणि त्याच तोंडात विडी धरतो. हे शोभते काय?

तंबाखू मी २००७ साली सोडला. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण गेले. पण तलफ ही लाटेसारखी असते. ती काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटे पाणी पिऊन, चालून किंवा नातवंडाशी बोलून काढता आली म्हणजे झाले. भगिनींनो, हे आपल्यालाही लागू आहे. मशेरी आणि गुडाखू ही दात घासण्याची पूड नव्हे. तो तंबाखूच आहे.

आता आपले काम

आपल्या कुटुंबात दीक्षा नवी आहे, हा आपला मोठा लाभ आहे. आमच्या घरात ती सवयीची झाली होती आणि सवयीतच झिजली. आपण आजच ठरवा की, घरातील लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन आणि जयंती यांत दारूचा थेंबही येणार नाही. दर महिन्याला या वस्तूंवर जाणारा पैसा कागदावर मांडा आणि त्या रकमेसमोर मुलाच्या पुस्तकांचा खर्च लिहा. घरातील कोणी व्यसनात असेल तर ते लपवू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या आणि रविवारी आपल्या शेजारी बसवा.

आणि वंदनेत शेवटच्या शिलाशी आलात की आवाज उतरू देऊ नका. आपल्या मागे एखादे लहान मूल बसलेले असते, आणि ते ऐकत असते.

जयभीम!