रमजानचा गल्ला आणि जीएसटीचं ३५ टक्क्यांचं चलन

२०२६ मध्ये रमजान ईद मार्चमध्ये आली. म्हणजे कपडे, चप्पल, अत्तर, बेकरी अशा धंद्यातल्या आपल्या दुकानदारांचा वर्षातला सर्वात मोठा गल्ला जानेवारी-मार्च तिमाहीत जमला. एप्रिल-मेला बाजार थंड, पण जीएसटी पोर्टलवर आयतं तयार चलन मात्र भल्या मोठ्या रकमेचं. ते बघून घाबरून भरून टाकू नका, आधी समजून घेऊ.

वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर १ जानेवारी २०२१ पासून रिटर्न तीन महिन्यांनी एकदा भरता येतं. टॅक्स मात्र दर महिन्याला. तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा. कितीचा? इथं दोन रस्ते आहेत. एक, मागच्या तिमाहीत जेवढा टॅक्स रोखीने भरला त्याच्या ३५ टक्के. ही रक्कम पोर्टलच काढून देतं. दुसरा, त्या महिन्याची विक्री आणि खरेदीचं क्रेडिट बघून खरा हिशोब स्वतः करायचा.

समजा जानेवारी-मार्चमध्ये ६०,००० रुपये भरले. मग एप्रिलचं आयतं चलन २१,००० चं येणार, मेचंही तेवढंच. एप्रिलचा खरा टॅक्स ६,००० असेल तर १५,००० रुपये उगाच अडकले. तिमाहीचं रिटर्न भरेपर्यंत ते दुसरीकडे वापरता येत नाहीत, आणि महाराष्ट्रात त्याची तारीख २२ जुलै. छोट्या दुकानाला दीड-दोन महिने १५,००० म्हणजे माल भरायचे पैसे! अशा वेळी दुसरा रस्ता बरा. दर महिन्याला रस्ता बदलायची मुभा आहे, हे अनेकांना माहीतच नसतं. खात्यात पुरेशी शिल्लक असेल किंवा टॅक्स निघतच नसेल, तर त्या महिन्याला काही भरायची गरज नाही.

रमजानच्या तिमाहीत मात्र उलटं. मागच्या तिमाहीत २०,००० भरले असतील तर फेब्रुवारीचे फक्त ७,००० भरून चालतं, विक्री कितीही वाढलेली असो. ७,००० वेळेत भरले आणि उरलेला टॅक्स २२ एप्रिलपर्यंत रिटर्नसोबत दिला, तर व्याज नाही. स्वतः हिशोब करून कमी भरलं तर मात्र फरकावर १८ टक्क्यांनी व्याज. अडचण एवढीच की तोवर गल्ल्यातली ती रक्कम ईदच्या खर्चात गेलेली असते. गिऱ्हाईकाकडून घेतलेला टॅक्स आपल्याकडे अमानतच. तो बाजूला ठेवलेला बरा.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. २,५०० रुपयांपर्यंतची चप्पल-बूट, तसंच बिस्किटं, केक, फरसाण आता ५ टक्क्यांवर. त्या धंद्यात ऑक्टोबरचं आयतं चलन जुन्या दरांवर बेतलेलं होतं. याउलट २,५०० च्या वरची शेरवानी, शरारा १२ वरून १८ टक्क्यांवर गेले.

आणखी एक. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२३ मध्ये ईद एप्रिलच्या उत्तरार्धात होती, म्हणजे सीझनचा जोर एप्रिल-जून तिमाहीत होता. त्यामुळे 'गेल्या वर्षीसारखंच भरा' हा सल्ला आपल्या बाजाराला लागू पडत नाही. सीएकडे कागद देतानाच सीझन कुठल्या महिन्यात पडला ते सांगा, आणि २५ तारखेच्या चार दिवस आधी चलनाची रक्कम त्या महिन्याच्या विक्रीशी पडताळून घ्या.