मिसेस हीलिस यांच्या मेंढ्या

आमच्या घरांतील सर्वांत धाकटें नातवंड पांच वर्षांचें आहे. त्याच्या आत्यानें त्याला तळहाताएवढें एक इंग्रजी पुस्तक आणून दिलें. निळा डगला घातलेला ससा शेजारच्या मळ्यांत शिरून मुळे खातो, एवढीच त्यांतील गोष्ट. पण चार दिवसांत तें पुस्तक घरांतील सात-आठ जणांच्या हातांतून फिरलें. शेवटीं आमच्या वडील वहिनींनीं चष्मा काढून ठेवीत विचारलें, "भावजी, ही बाई पुढें काय करीत होती हो?" आम्हांस वाटलें, उत्तर सोपें आहे, आणखी पुस्तकें लिहीत असेल. शोध घेतां निराळेंच निघालें. ती मेंढ्या पाळीत होती.

बीअट्रिक्स पॉटर हिचा जन्म २८ जुलै १८६६ रोजीं लंडनमध्यें झाला. आजोबा सुती कापडाच्या छपाईवर श्रीमंत झालेले, वडील बॅरिस्टर. मुलीला शाळेंत घातलें नाहीं. शिकविण्यास बाया घरीं येत. सोबतीला एक धाकटा भाऊ आणि पाळलेले ससे, उंदीर, बेडूक, वटवाघळें. चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासून ती स्वतः बनविलेल्या गुप्त लिपींत रोजनिशी लिहीत असे. तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीं, १९५८ सालीं, लेस्ली लिंडर नांवाच्या गृहस्थांनीं ती लिपी उलगडली, तेव्हां आंत भयंकर असें कांहींच नव्हतें. चित्रप्रदर्शनें, प्रवास, येणाऱ्याजाणाऱ्या मंडळींच्या गोष्टी. मग लपविलें कशासाठीं? हा प्रश्न मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या मुलीला विचारावा, विद्वानांना नव्हे. ज्या घरांत प्रत्येक वस्तु सर्वांची असते, तेथें एखादी तरी आपली असावी असें वाटतेंच.

पुढें तिला नाद लागला तो अळंब्यांचा. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून तिनें त्यांचीं शेंकडों जलरंगी चित्रें काढलीं, आणि अळंब्यांचें बीज कसें रुजतें यावर निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजीं तो लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढें आला; पण त्या सभेंत बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून क्यू येथील जॉर्ज मॅसी यांनीं तो मांडला. निबंध छापला गेला नाहीं. बरोबर शंभर वर्षांनीं, १९९७ सालीं, सोसायटीनें आपली चूक पदरांत घेतली. दरम्यान १९६७ मध्यें अळंब्यांवरील एका इंग्रजी ग्रंथांत तिचीं चित्रें छापलीं गेलीं होतीं, तींहि शोभेसाठीं नव्हे, तर अळंबीं ओळखतां यावीं म्हणून.

ससा मात्र सहज जन्मला. तिच्या एका जुन्या शिक्षिकेचा मुलगा आजारी होता. त्याची करमणूक व्हावी म्हणून ४ सप्टेंबर १८९३ रोजीं तिनें एक सचित्र पत्र लिहिलें. त्याचें पुस्तक करावें असें पुढें मनांत आलें, तर प्रकाशक नकार देऊं लागले. तेव्हां डिसेंबर १९०१ मध्यें तिनें स्वखर्चानें २५० प्रती काढल्या. आक्टोबर १९०२ मध्यें फ्रेडरिक वॉर्न कंपनीनें तेंच पुस्तक रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केलें, आणि बाई पाहतां पाहतां प्रसिद्धीस आल्या. त्यांना पैसा नकोसा होता असें मात्र कोणी समजूं नये. सशाची बाहुली त्यांनीं स्वतः तयार केली आणि १९०३ मध्यें तिची सरकारदरबारीं नोंदहि केली. कलावंतानें व्यवहारांत भोळें असलेंच पाहिजे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. आम्हांस ती कधींच पटली नाहीं.

वॉर्न कंपनीच्या घरांतील नॉर्मन वॉर्न यांच्याशीं पुस्तकांच्या निमित्तानें रोजचा पत्रव्यवहार होई. १९०५ च्या जुलैंत, बाईंचें वय चाळिशीजवळ आलें असतां, त्यांनीं लग्नाची मागणी घातली. बाईंनीं होकार दिला. आईवडिलांनीं दिला नाहीं. मुलगा धंदेवाल्याच्या घरचा, म्हणून. स्वतःची श्रीमंती कापडाच्या कारखान्यांतून आली होती, याचें त्या मातापित्यांना विस्मरण झालेलें दिसतें. वाचकहो, अशीं विस्मरणें आपल्याहि घरांतून पुष्कळ होतात. बाईंनीं अंगठी बोटांत घातली. वाङ्निश्चय घराबाहेर कोणास सांगावयाचा नाहीं, एवढी अट मान्य केली. एका महिन्यानें, २५ ऑगस्ट रोजीं, नॉर्मन रक्ताच्या रोगानें वारले. जें जगापुढें मांडलेंच नव्हतें, त्याचें दुःख तरी जगापुढें कसें करणार?

त्याच वर्षीं पुस्तकांच्या उत्पन्नांतून आणि आत्याकडून मिळालेल्या थोड्या रकमेंतून त्यांनीं उत्तर इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशांत, नीअर सॉरी या खेड्यांत, हिल टॉप नांवाची ३४ एकरांची शेतवाडी विकत घेतली. पुढील आठ वर्षांत त्यांनीं झपाट्यानें लिहिलें, आणि तें लेखन आईवडिलांच्या तैनातींतून सवड काढून झालें. १५ आक्टोबर १९१३ रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं तेथील वकील विल्यम हीलिस यांच्याशीं लग्न केलें. याहि लग्नाला घरून विरोध झाला, पण या खेपेस तो चालला नाहीं. यानंतर त्या गांवाला मिसेस हीलिस झाल्या, आणि तेंच नांव त्यांना आवडे. पुस्तकें थोडीं झालीं. नजर मंद होत होती हें खरें. पण मनहि दुसरीकडे लागलें होतें.

तें लागलें होतें हर्डविक जातीच्या मेंढ्यांत. ही जात काटक. कोकरूं जन्मतें काळें आणि वाढतां वाढतां करडें होतें. लोंकर इतकी राठ कीं बाजारांत तिला भाव कमी. तेथील डोंगरमाथ्यांवर कुंपणें नाहींत. आपला चरण्याचा भाग कोठवर, हें कोकरूं आईच्या मागें फिरून शिकतें आणि पुढें आपल्या पिलाला शिकवितें. म्हणून शेतवाडी विकली कीं कळपहि तिच्याबरोबरच नव्या धन्याकडे जातो. १९२३ मध्यें बाईंनीं ट्राउटबेक पार्क ही मोठी वाडी घेतली, तेव्हां तेथील कळप यकृतांतील जंतांनीं पोखरला होता. त्यांनीं नवीं औषधें आणविलीं, टॉम स्टोरी नांवाचा जाणता मेंढपाळ नेमला, आणि पुढें प्रदर्शनांतून त्यांच्या मेंढ्यांना बक्षिसें मिळूं लागलीं. अंगांत त्याच राठ लोंकरीचा पोषाख, पायांत लांकडी तळाचे जोडे, पावसांत खांद्यांवर गोणपाट. असें सांगतात कीं, एकदां रस्त्यांत भेटलेल्या एका भटक्यानें त्यांना आपल्यासारखीच निराधार समजून, अशा हवेंत तुमचे-आमचे हालच, अशी सहानुभूति दाखविली. ही गोष्ट त्या स्वतःच हंसून सांगत.

नामवंत लेखिका म्हणून पाहावयास येणारांचें त्यांना अगत्य नव्हतें. मात्र मुलांच्या ग्रंथालयांचें काम करणाऱ्या अमेरिकन बायांना त्या आनंदानें भेटत. १९२७ मध्यें विंडरमीर सरोवराच्या कांठचा एक तुकडा घरबांधणीपासून वांचवावयाचा होता, तेव्हां त्यांनीं सशाचीं पन्नास चित्रें स्वतः काढून, सही करून, अमेरिकेंत विकावयास पाठविलीं. कीर्तीला त्यांनीं अशीं कामें लावलीं. १९२९ मध्यें निघालेलें एक पुस्तक तर त्यांनीं अमेरिकेंतच छापूं दिलें, आणि आपल्या हयातींत तें इंग्लंडांत निघूं दिलें नाहीं. त्यांत शेजारपाजार आणि स्वतःचें मन फार उघडें पडलें होतें.

त्यांच्याकडून आणखी दहा-वीस पुस्तकें मिळालीं असतीं, ही वाचकांची हळहळ आम्हांस समजते. नातवाच्या हातांतील पुस्तक पाहातांना आम्हांसहि क्षणभर तसेंच वाटलें. पण हा हिशेब आपल्या बाजूनें मांडलेला आहे. ज्या बाईनें वयाचीं सत्तेचाळीस वर्षें कोणाच्या ना कोणाच्या मर्जीप्रमाणें काढलीं, तिच्याकडे वाचकांनींहि आपली मर्जी घेऊन जावें काय? वहिनींना आम्हीं हें सांगितलें. त्या म्हणाल्या, "मेंढ्यांना तरी तिचें नांव कुठें ठाऊक होतें!"

१९४३ सालीं हर्डविक मेंढपाळांच्या संघानें त्यांची पुढील वर्षाच्या अध्यक्षपदासाठीं निवड केली. त्या जागेवर बसण्याचा योग आला नाहीं. २२ डिसेंबर १९४३ रोजीं त्या वारल्या. ४००० एकरांहून अधिक जमीन आणि तिच्यावरील शेतवाड्या त्यांनीं नॅशनल ट्रस्टला दिल्या, आणि मृत्युपत्रांत लिहिलें कीं डोंगरावरील वाड्यांत हर्डविक मेंढ्याच राहाव्यात. रक्षा टॉम स्टोरीनें हिल टॉपच्या वरच्या बाजूस कोठेंतरी विखुरली. जागा कोणास सांगावयाची नाहीं असें बाईंनीं बजावलें होतें, आणि त्यानें ती जगापुढें येऊं दिली नाहीं.