कुंपणच शेत खातं तेव्हा...

‘खवले मांजर’ हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. मांजरासारखं त्यात दिसायला काहीच नाही. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही आणि लांबलचक चिकट जीभ. पण गंमत बघा, जनुकं तपासल्यावर शास्त्रज्ञांनाही हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊपेक्षा कुत्र्यामांजरांच्या कुळालाच जवळचा वाटला! असो. आज मला लिहायचंय ते आपल्या कोकणातल्या नाही, आफ्रिकेतल्या खवले मांजराबद्दल.

आफ्रिकेत याच्या चार जाती आहेत. तीन प्रामुख्याने पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलांत राहतात. चौथी टेमिंकची. १८३२ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं आणि टेमिंक या डच प्राणिशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं. ही माळरानावरची आणि विरळ झाडीतली जात. चाड-सुदानपासून केनिया, टांझानिया, झिंबाब्वे, बोत्सवाना करत थेट दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागापर्यंत ती पसरली आहे. खाणं मुंग्या आणि थोडी वाळवी. दात नसल्यामुळे दळणाचं काम जठरातली वाळू आणि खडे करतात. पिल्लू एका वेळी एकच, आणि तेही आईच्या शेपटीवर बसून फिरतं.

याची चाल तर बघण्यासारखी. मागच्या दोन पायांवर चालायचं, पुढचे पंजे छातीशी, तोल सांभाळायला मागे शेपटी. एखादे आजोबा कसल्याशा विचारात अंगणात येरझाऱ्या घालताहेत असंच वाटतं. संकट आलं की पळायचं नाही, अंगाचा गोळा करायचा. या गोळ्यापुढे सिंहसुद्धा बऱ्याचदा कंटाळून निघून जातो.

आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

दक्षिण आफ्रिकेत शेतांना आणि खाजगी अभयारण्यांना विजेच्या तारांची कुंपणं असतात. सगळ्यात खालची तार जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. आपले आजोबा दोन पायांवर चालत येतात आणि पोटाला, जिथे खवले नाहीत तिथेच, तार लागते. झटका बसला की सवयीप्रमाणे गोळा होतो, तोही तारेभोवतीच! मग झटक्यामागून झटका. त्या एका देशात दरवर्षी शेकडो खवले मांजरं अशी मरत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तस्करीबद्दल आपण सगळेच हळहळतो, आणि ते योग्यच आहे. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. तरी २०१९ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरला आठवडाभरात २५ टनांहून जास्त खवले पकडले गेले. पण तस्कर म्हणजे कुणीतरी दुसरा, त्यामुळे त्याला शिव्या घालणं सोपं जातं. कुंपण मात्र सज्जनांचं असतं. कधीकधी तर प्राणी वाचवायलाच घातलेलं. म्हणून त्याचा गाजावाजा होत नाही.

शेतकऱ्याची बाजू मला कळते. खालची तार काढली तर कोल्हे आत येणार, मेंढ्या जाणार. त्याने हे नुकसान एकट्याने सोसावं असं म्हणणं अन्याय होईल. पण सिंह-गेंडे दाखवून पर्यटकांकडून पैसे घेणाऱ्यांना ही सबब मी देऊ देणार नाही. खालची तार वर घ्या, नाहीतर तिच्यातली वीज काढा. शेजारच्या शेतकऱ्याच्या कुंपणाच्या खर्चालाही हातभार लावा. आणि रोज पहाटे कुंपणावरून माणूस फिरवा, निदान काही जीव तरी वाचतील. जे तिकिटावर छापता येतात तेवढेच प्राणी वाचवायचे, याला मी तरी संवर्धन म्हणणार नाही.

गोळा होण्याची सवय लाखो वर्षांची आहे, ती काही या जीवाला बदलता येणार नाही. तार मात्र उद्या सकाळी वर घेता येते.