सर्व्हरची मुदतवाढ, रुग्णांची सुरक्षा

रुग्णालयातला जुना सर्व्हर बिनतक्रार चालतो म्हणून तो सुरक्षित असतोच असे नाही. ‘विंडोज सर्व्हर २०१२’ची नियमित सुरक्षा अपडेट्स १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली. स्वतःच्या जागेतील सर्व्हरसाठी ती पुढे पैसे मोजून घ्यावी लागतात. ही सोयही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.

हा खर्च टाळावा का? ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तेथील सरकारने २०१४ मध्ये ‘विंडोज एक्सपी’च्या वर्षभराच्या मुदतवाढीसाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले, पुढच्या वर्षी करार वाढवला नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने इंग्लंडमधील किमान ८० आरोग्य ट्रस्टचे कामकाज विस्कळीत झाले. हजारो रुग्णांच्या भेटी आणि काही शस्त्रक्रियाही रद्द झाल्या. मात्र बाधित संगणकांपैकी बहुतेक एक्सपीवर नव्हे, तर ‘विंडोज ७’वर चालत होते. त्यासाठीचे अपडेट मार्चमध्येच आले होते. ते बसवलेच गेले नव्हते.

म्हणजे मुदतवाढ विकत घेऊन काम संपत नाही. अपडेट वेळेत बसवणे आणि जुना सर्व्हर इतर नेटवर्कपासून वेगळा ठेवणे ही रुग्णालयाचीच जबाबदारी. मुदत संपण्याची तारीख आधीच ठाऊक असते. मग नव्या सर्व्हरची तरतूदही औषधखरेदीप्रमाणे अंदाजपत्रकातच हवी.