तिला कोणी विचारले?

आमच्या रावेरच्या गटातल्या सहाजणींनी मध्यंतरी एकीच्या घरी ‘धुरंधर’ पाहिला. डिसेंबर २०२५ मध्ये आलेला आदित्य धर यांचा हा हेरपट २१४ मिनिटांचा आहे. म्हणजे साडेतीन तासांहून जास्त! दोन तासांनी तिघी उठून गेल्या. सकाळी केळीच्या बागेत कामाला जायचे होते. उरलेल्या आम्हीही कंटाळलोच. मारामारी, रक्तपात, पुन्हा मारामारी; आणि एवढे करून गोष्ट पुरी होत नाहीच, ती दुसऱ्या भागावर ढकललेली.

पण लांबीपेक्षा वेगळीच गोष्ट खटकली. कराचीच्या ल्यारी भागातल्या टोळीत शिरलेला आपला हेर खोट्या नावाने एका राजकारण्याच्या तरुण मुलीशी, यलीनाशी, नाते जोडतो. आमच्यातली निंदणीला जाणारी एक मैत्रीण मध्येच म्हणाली, “ताई, या पोरीला कोणी काही सांगतच नाही का?” साडेतीन तासांत चित्रपटाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. मुलगी म्हणजे कुलूप उघडायची किल्ली, एवढेच.

“देशाचे काम आहे, तिथे एका मुलीच्या मनाचे काय घेऊन बसलात?” असे कोणी म्हणेल. हा प्रश्न फक्त पडद्यावरचा नाही. ब्रिटनमध्ये चळवळींत घुसवलेल्या गुप्त पोलिसांनी खोट्या नावांनी कार्यकर्त्या स्त्रियांशी वर्षानुवर्षे संबंध ठेवले. त्या स्त्रिया लढल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या पोलीस दलाला सातजणींची माफी मागावी लागली. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा आहे. त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फसवून केलेल्या लग्नाने बाईचे काय होते, हे गावोगाव काम करणाऱ्या आपल्याला कायद्याने सांगायला नको.

हेरपटात हे दाखवता येत नाही असेही नाही. मेघना गुलजार यांच्या ‘राझी’त (२०१८) लग्न करून फसवणारी स्त्रीच आहे. त्या फसवणुकीची किंमत तो चित्रपट अडीच तासांच्या आत दाखवतो.

आणि आपल्या मातीतली गोष्ट? क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या हौसाताई पाटील प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होत्या. सांगलीकडच्या भवानीनगरला त्यांनी पोलीस चौकीसमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचे सोंग केले. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतली हत्यारे पळवली! मार सोंगाच्या मानाने जरा जास्तच लागला, अशी त्यांची तक्रार होती. पण ते नाटक आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि ती भूमिका त्यांनी स्वतः पत्करली होती. यलीनाला ती सोय नाही. फरक आहे तो एवढाच, आणि सगळा फरक तोच आहे.

मैत्रिणींनो, हौसाताई २०२१ मध्ये गेल्या. चित्रपट चुकला म्हणून नुसती नाके मुरडण्यापेक्षा पुढच्या बैठकीत त्यांची गोष्ट सांगू या. ती सांगायला साडेतीन तास लागत नाहीत.