आघाताखाली रेघ मारा

भित्र्या, कच्च्या मनाच्या माणसासाठी इंग्रजीत एक भारदस्त विशेषण आहे: प्यूसिलॅनिमस. स्पेलिंगच्या स्पर्धांना बसणाऱ्या आपल्या मुलांच्या वह्यांत असले शब्द असतातच. आपल्या मराठी मंडळाच्या शाळेत ते ज्या पद्धतीने घोकून घेतले जातात, तिला माझा ठाम विरोध आहे.

मेरियम-वेब्स्टर कोशात या शब्दाचे ठिपक्यांनी पाच तुकडे केलेले दिसतात: पु, सिल्, लॅन्, इ, मस. असंच म्हणायचं, असं आपण धरून चालतो. पण शब्द ओळीच्या शेवटी मोडायची वेळ आली तर कुठे मोडावा, एवढंच ते ठिपके सांगतात. उच्चार वेगळा दिलेला असतो आणि त्यात ‘ल’ एकच आहे.

मराठी मूल इथेच अडखळतं, आणि त्याचं कारण त्याच्या मराठीतच आहे. आपल्याकडे जोडाक्षर लिहिलं की ते खरोखर जोडून म्हणायचं. ‘गला’ आणि ‘गल्ला’ एक नव्हेत. शिवाय जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं. वृत्तं कधीही न शिकलेल्या माणसाच्या जिभेलाही हे ठाऊक असतं. म्हणून दोन ‘एल’ पाहून मूल ‘पुसिल्लानिमस’ म्हणतं आणि सगळा जोर ‘सिल्’वर टाकतं. इंग्रजीत नेमकं तेच अक्षर दुबळं आहे. तिथे जोर ‘लॅ’वर, आणि पुढची दोन्ही अक्षरं पुसट. इंग्रजी कान शब्द बऱ्याच अंशी आघातावरून ओळखतो. तो हुकला की समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

म्हणून शब्द सुटा घोकू नये. युनॅनिमस, मॅग्नॅनिमस आणि प्यूसिलॅनिमस एकापाठोपाठ म्हणावेत. तिन्हींत जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर. मुलांना त्या अक्षरावर टेबलावर थाप मारू द्या, बाकीची पुटपुटू द्या. मग टिमिड आणि टिमिडिटी घ्या. जोर ‘टि’वरून ‘मि’वर सरकतो, कारण ‘इटी’ हा प्रत्यय जोर आपल्या आधीच्या अक्षरावर ओढून घेतो. ह्यूमिड-ह्यूमिडिटीचंही तेच.

काही पालकांना ही गोऱ्यांची नक्कल वाटते. तसं मुळीच नाही. आपला ‘ट’, आपला ‘र’ खुशाल राहू द्या. आघात जागेवर असला की ते समजून घेतले जातात.

उरला प्रश्न स्पेलिंगचा. कानावर एक ‘ल’ येतो, कागदावर दोन लिहायचे. स्पर्धेत शब्दाचं मूळ विचारायची मुभा असते, ती वापरायला शिकवा: ‘अगदी छोटा’ या अर्थाच्या लॅटिन ‘पुसिलस’मध्येच दोन ‘एल’ आहेत.

पुढच्या सत्रापासून शब्दयाद्यांतले ठिपके काढावेत आणि प्रत्येक शब्दात जोराच्या अक्षराखाली रेघ मारावी, अशी माझी शाळा समितीकडे मागणी आहे.